एकदा पाटावर या! राज्यशास्त्राच्या अभ्यास मंडळांना खुलं पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सगळे सदस्य,
राज्यशास्त्र अभ्यास मंडळ (महाराष्ट्रातल्या जेवढ्या विद्यापीठांत असेल तेवढी सगळी)

सर, मॅडम, नमस्कार.

मी धुळे जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर राज्यशास्त्र शिकवते. तासिका तत्त्व म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको, तुमच्यातल्या काही जणांनी ते कधीतरी भोगलं असेलच, आणि हे पत्र त्या रडगाण्याचं नाहीये म्हणून तो विषय इथेच सोडते.

तर झालंय असं की कुठेही गेलं, लग्नात, एसटीत, दवाखान्यात नंबर लावून बसलेलं असताना, आणि कोणी विचारलं काय शिकवता, मी म्हटलं राज्यशास्त्र, की पुढचा प्रश्न ठरलेला, "मग मॅडम, आपल्याकडे यंदा कोण?" जसं काही मी मटक्याचा आकडाच काढून देणार आहे. आधी मी हसून सोडून द्यायचे, आता वाटतं लोकांची काय चूक, टीव्हीवर राज्यशास्त्राचा माणूस दिसतो तो मतमोजणीच्या दिवशीच. आणि माझ्या वर्गातली पोरं तरी काय वेगळी आहेत, त्यांच्यासाठी आपला विषय म्हणजे कलमं, पक्ष आणि एमपीएससी. राष्ट्रपती राजवटीचं कलम ३५६ तोंडपाठ आहे. पण उन्हाळ्यात गावात टँकर आला की तो पहिल्यांदा कोणाच्या दारात थांबतो आणि का, हा प्रश्न राज्यशास्त्राचा आहे असं त्यांना आजवर कोणी सांगितलेलंच नाही, आणि खरं सांगायचं तर मला पण एमए होईपर्यंत कोणी सांगितलं नव्हतं.

आता मूळ मुद्दा. नवीन शैक्षणिक धोरणात फील्ड प्रोजेक्ट आला तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. मी प्रस्ताव दिला की पोरांना तीन ठिकाणी पाठवते, एक पाणी वापर संस्था (कालव्याचं पाणी आपसात वाटून घेणारी शेतकऱ्यांची संस्था), एक जुना फडाचा बंधारा (फड म्हणजे काय ते पुढे सांगते) आणि एक ग्रामसभा, तिथे पाण्याचे नियम कोणी केले, कोण मोडतं, मोडल्यावर काय होतं एवढंच बघून वहीत लिहून आणायचं. वरून उत्तर आलं की विषय राज्यशास्त्राचा वाटत नाही, भूगोल विभागाला विचारा. भूगोलाचे सर म्हणाले नदी-माती-पाऊस असेल तर देतो, हे भांडणाचं आमच्यात बसत नाही, तुम्ही अर्थशास्त्राला विचारा. अर्थशास्त्राच्या मॅडम म्हणाल्या, अगं भांडणं म्हणजे तुमचंच की! आणि एवढं फिरून शेवटी पोरांनी काय केलं तर "माझ्या मतदारसंघाची माहिती", नेटवरून, शुद्धलेखनाच्या चुका पण सगळ्यांच्या सारख्या.

कोणत्या टेबलावरून हे उत्तर आलं ते सांगत बसत नाही, त्या टेबलावरच्या माणसाने त्याला जे शिकवलं गेलं तेच केलं. पण "विषय राज्यशास्त्राचा वाटत नाही" हे वाक्य वाचलं आणि मला एकदम एलिनॉर ऑस्ट्रॉम आठवल्या, कारण या बाईंनी आयुष्यभर नेमकं हेच काम केलं, पाण्याचं भांडण कोण कसं मिटवतं ते बघत फिरल्या, आणि त्या राज्यशास्त्रज्ञच होत्या.

तुमच्यातल्या अनेकांना हे माहीत आहे, तरी लिहिते, कारण हे पत्र माझी पोरं पण वाचणार आहेत.

ऑस्ट्रॉमबाई १९३३ साली लॉस एंजेलिसला जन्मल्या. त्यांना पीएचडी खरं तर अर्थशास्त्रात करायची होती, पण गणित कमी पडतंय म्हणून तिथे घेतलं नाही, आणि गणित कमी का तर शाळेत असताना मुलींना त्रिकोणमिती कशाला हवी म्हणून ती घेऊच दिली नव्हती. (हे वाचताना आमच्या वर्गातल्या दोन मुली एकमेकींकडे बघून हसल्या, मी कारण विचारलं नाही.) मग त्या राज्यशास्त्राकडे आल्या. पीएचडीचा विषय घेतला लॉस एंजेलिसजवळच्या जमिनीखालच्या पाण्याचा. तिथे सगळे जण बोअर मारून उपसा करत होते, पाण्याची पातळी खाली गेली आणि समुद्राचं खारं पाणी आत शिरायला लागलं, म्हणजे आपल्याकडे कोकणपट्टीत काही विहिरींचं होतं तसंच. यात उपसा करणारे कोण, तर शहरांच्या पाणीपुरवठा यंत्रणा, कंपन्या, पाणी विकणारे. हे सगळे एकमेकांवर केस करत, मीटिंगा घेत, वाटाघाटी करत शेवटी कोण किती उपसणार यावर आले आणि त्यावर लक्ष ठेवायला माणूस नेमला. बाई त्या मीटिंगांना जाऊन बसायच्या, कागद वाचायच्या, लोकांशी बोलायच्या. १९६५ ला पीएचडी झाली.

त्याच वर्षी त्यांच्या नवऱ्याला, व्हिन्सेंट ऑस्ट्रॉम यांना, इंडियाना विद्यापीठात नोकरी लागली आणि बाई पण सोबत गेल्या. त्यांना काय मिळालं माहितीये, पहिल्या वर्षाच्या पोरांना अमेरिकन शासनव्यवस्था शिकवायचा तास, मंगळवार-गुरुवार-शनिवार, सकाळी साडेसातला! आम्हा तासिकावाल्यांना हे वाचून इतकं बरं वाटतं की काय सांगू. सकाळी साडेसातच्या त्या तासावरून निघालेली बाई २००९ ला अर्थशास्त्राच्या नोबेलपर्यंत गेली, ते मिळवणारी जगातली पहिली बाई. ज्या विषयाने दारातून परत पाठवलं त्याच विषयाचं नोबेल, आणि तेव्हा अर्थशास्त्रवाल्यांतच बऱ्याच जणांना प्रश्न पडला होता की या कोण बुवा.

नोबेलचं कौतुक बाजूला ठेवू. मला त्यांची काम करायची पद्धत जास्त आवडते, पद्धत म्हणण्यापेक्षा सवय म्हणू. सत्तरच्या दशकात अमेरिकेत बहुतेक तज्ज्ञांचं मत होतं की छोटी छोटी पोलीस खाती म्हणजे गोंधळ, सगळी एकत्र करून एकच मोठं खातं करा, स्वस्त पडेल, काम चांगलं होईल. बाईंनी वाद घातला नाही. विद्यार्थी घेतले आणि इंडियानापोलिस आणि आसपासच्या छोट्या गावांत घरोघर जाऊन विचारलं की तुमच्याकडे चोरी झाली का, पोलीस किती वेळाने आले, काही केलं का. बरं पोलिसांचंच विचारून थांबल्या नाहीत, पुढे त्यांच्या लोकांनी रस्त्यावरच्या दिव्यांचा उजेड मोजला, रस्ता किती खडबडीत आहे ते मोजायच्या युक्त्या काढल्या, म्हणजे लोक "सेवा चांगली आहे" म्हणतात तेव्हा ती खरंच चांगली असते का हे तपासता येईल. निघालं काय, तर छोटी खाती मोठ्या खात्याच्या तोडीची किंवा त्याहून बरी, आणि कमी पैशात. आता मला सांगा, ही असाइनमेंट आपल्या एफवायच्या पोराला जमणार नाही का? ग्रामपंचायत हद्दीतले बंद दिवे मोजून आण आणि कोणत्या वस्तीत जास्त बंद आहेत ते लिही. एक पान. त्या एका पानात जेवढं राज्यशास्त्र आहे तेवढं आपल्या "स्थानिक स्वराज्य संस्थांची रचना व कार्ये" या दहा मार्कांच्या प्रश्नात नाहीये, सॉरी, पण नाहीये.

मग त्यांचं मोठं काम. १९६८ मध्ये गॅरेट हार्डिन या जीवशास्त्रज्ञाने एक लेख लिहिला, तो जगभर गाजला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की सामायिक कुरण असलं की प्रत्येक जण आपली एक गाय जास्त सोडणार, कारण फायदा त्याचा एकट्याचा आणि तोटा सगळ्यांचा, आणि असं करता करता कुरण संपणार. मग उपाय दोनच, सरकारच्या ताब्यात द्या नाहीतर खासगी करून टाका. आपले साहेब लोक, मंत्री, सल्लागार, सगळे कळत नकळत याच लाइनवर बोलतात, "लोकांच्या हातात दिलं की वाट लावतात".

बाई म्हणाल्या बघू तरी. स्वित्झर्लंडमधलं ट्योर्बेल नावाचं डोंगरातलं गाव, तिथे १५१७ चा लिहिलेला नियम सापडतो की हिवाळ्यात तू तुझ्या चाऱ्यावर जेवढ्या गाई जगवू शकतोस त्यापेक्षा जास्त गाई उन्हाळ्यात सामायिक कुरणात सोडायच्या नाहीत. किती साधं आहे! मोजायला सोपं, शेजाऱ्याला दिसणारं, भांडायला जागा नाही. स्पेनमध्ये व्हॅलेन्सियाला पाण्याचं कोर्ट आहे, दर गुरुवारी दुपारी बाराला कॅथेड्रलच्या दाराशी भरतं, शेतकऱ्यांनी निवडलेलेच पंच, सगळं तोंडी, वकील नाही, तारीख पे तारीख नाही, निकाल जागेवर. जपानची डोंगराळ गावं, फिलिपाइन्सचे पाट, असं सगळीकडचं गोळा करून १९९० ला त्यांनी मांडलं की शेकडो वर्षं लोकांनी स्वतः सांभाळलेलं पाणी, रान, मासे, हे सगळं जगात आहे, हार्डिनला दिसलं नाही एवढंच. मग जे टिकलं त्यात सारखं काय होतं ते शोधलं आणि आठ गोष्टी काढल्या. कोण आत कोण बाहेर हे ठरलेलं असणं, नियम त्या जागेला साजेसे असणं, ज्यांच्यावर नियम लागू त्यांना तो बदलता येणं वगैरे. आठही इथे लिहीत नाही, पोरं लगेच "आठ मुद्दे" म्हणून पाठ करतील आणि सगळं मुसळ केरात. त्यातला मला सगळ्यात भारी वाटलेला मुद्दा शिक्षेचा आहे, तो सांगते, पण त्याच्यासाठी आजोबांकडे यावं लागेल.

माझे आजोबा पाटकरी होते. फडाच्या पाटावर.

खानदेश-बागलाणाबाहेरच्यांसाठी, फड म्हणजे काय तर पांझरा, मोसम, आरम अशा तापीच्या खोऱ्यातल्या नद्यांवर दगडी बंधारे आहेत, तीन-चारशे वर्षांपासून, त्यातून पाट काढलेला, आणि पाटाखालचं रान साधारण चार तुकड्यांत वाटलेलं, एकेका तुकड्याला म्हणायचं फड. एका फडात एका हंगामाला सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. एका फडात ऊस, दुसऱ्यात बाजरी-भुईमूग, तिसऱ्यात गहू, आणि पुढच्या वर्षी पिकं फिरवायची. माझ्या मते यातली खरी अक्कल पुढे आहे. प्रत्येकाचं थोडं थोडं रान वेगवेगळ्या फडात. पाणी कमी असलं की सगळ्यांनी बसून ठरवायचं की यंदा अमुक फड कोरडा ठेवायचा, म्हणजे दुष्काळ पण वाटून यायचा, एकाच्याच बोडक्यावर नाही पडायचा. कामाला माणसं नेमलेली, पाणी देणारा पाटकरी, त्याच्यावर बघणारा हवालदार, पिकाची राखण करणारा जागल्या, आणि पगार म्हणजे शेतकऱ्यांकडून धान्य.

आमच्याकडे पाणी शेतकऱ्याने स्वतः घ्यायचं नाही, पाटकऱ्यानेच भरायचं. माझ्या लहानपणी आजोबा थकले होते पण कोणी पाटाला हात लावला की अजून खाटेवरून ओरडायचे. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "पानी कोना बापनं नही, पन पाळी ज्यानी त्यानी शे." हे वाक्य मी पीएचडीच्या मुलाखतीत सांगितलं असतं तर हसले असते बहुतेक सगळे.

तर शिक्षा. मी एकदा विचारलं की बाबा कोणी चोरून पाणी घेतलं तर काय करायचे. म्हणाले, पहिल्यांदा घेतलं तर मी नुसता त्याच्या बांधावर जाऊन उभा राहायचो, बोलायचो पण नाही. दुसऱ्यांदा घेतलं तर पंचांच्या कानावर. तिसऱ्यांदा दंड, तो पण असा की माणूस मोडणार नाही. मग पुढे पाळी कापायची, पण ती वेळ माझ्या हयातीत एकदाच आली. आणि मला कळेना की एवढ्याशा शिक्षेने लोक कसे ऐकायचे, आज पाटात मोटर टाकणाऱ्याला नोटीस, पंचनामा, गुन्हा दाखल करायची धमकी, सगळं करून तो ऐकत नाही. खूप वर्षांनी ऑस्ट्रॉमबाईंच्या आठ गोष्टींत हेच सापडलं, की जिथे व्यवस्था टिकली तिथे पहिली शिक्षा हलकी असते, मग चढत जाते, आणि नजर ठेवणारा माणूस त्यांच्यातलाच असतो किंवा त्यांना बांधील असतो. कारण पहिल्यांदा चुकणारा बहुतेक वेळा अडचणीत असतो, चोर नसतो. त्याला फक्त कळलं पाहिजे की आपल्याला पाहिलं गेलंय. बांधावर नुसतं उभं राहणं! मी ते वाचलं तेव्हा होस्टेलच्या लायब्ररीत होते, आजोबा जाऊन सहा वर्षं झाली होती, आणि मला रडू आलं, हे अभ्यास मंडळाला लिहायचं कारण नाही पण लिहून टाकते.

आता नेपाळचं ऐका, हे मी दर वर्षी वर्गात सांगते. बाई आणि त्यांच्या लोकांनी तिथल्या शंभराहून जास्त सिंचन योजनांची माहिती गोळा केली. काही शेतकऱ्यांनी स्वतः चालवलेल्या, दगड-माती-फांद्यांचे बंधारे, दर पावसाळ्यात वाहून जाणारे. काही सरकारने परदेशी पैशातून बांधलेल्या, पक्क्या काँक्रीटच्या, इंजिनिअर नेमलेले. कोणाला वाटेल पक्क्या योजना चांगल्या चालल्या असतील, तर उलटं. शेतकऱ्यांच्या योजनांत टेलपर्यंत, म्हणजे पाटाच्या शेवटपर्यंत, पाणी जास्त नीट पोचत होतं, पीक पण जास्त. कारण काय, तर बंधारा दर वर्षी वाहून जातो म्हणून तो परत बांधायला हेडवाल्याला (पाटाच्या तोंडाशी रान असलेल्याला) टेलवाल्याचे हात लागतात. एकटा बांधू शकत नाही. मग टेलवाला म्हणतो, येतो कामाला, पण पाणी पोचलं पाहिजे. काँक्रीट आलं आणि हेडवाल्याला टेलवाल्याची गरजच संपली, त्याने पाणी घेऊन टाकलं, टेलवाला गेला साहेबाकडे अर्ज घेऊन. म्हणजे बांधकाम सुधारलं आणि सौदा मोडला. कोणाला कोणाची गरज आहे, कोणाच्या हातात सौदा करायची ताकद आहे, यालाच तर आपण सत्ता म्हणतो ना? की सत्ता म्हणजे फक्त मॅक्स वेबरची व्याख्या आणि तिचे तीन प्रकार?

आमच्या पाटाचं तेच झालं, थोडं वेगळ्या वाटेने. वर धरण झालं, गावागावात विहिरी झाल्या, मोटरी आल्या, ज्याची विहीर त्याला फडाच्या पाळीची काय पडलीये, गाळ काढायला माणसं येईनात, आणि एक दिवस हवालदाराचं धान्य बंद झालं. कोणी फड मोडला असं नाही, एकमेकांची गरज संपत गेली. मी धरणाच्या विरोधात नाहीये, विहिरीच्या तर अजिबात नाही, आमचं घर विहिरीवरच चाललं पुढे. एवढंच की हे कसं घडतं याचा अभ्यास करायचं काम आपलं आहे आणि आपण ते भूगोलाच्या टेबलावर ढकललंय.

बरं, सगळं गेलं असं पण नाही. नाशिक जिल्ह्यात दिंडोरीकडे वाघाड धरणाचं पाणी शेतकऱ्यांच्या संस्थांनी स्वतः वाटून दाखवलं, आणि सुरुवात टेलच्या शेतकऱ्यांनी केली, हे लक्षात ठेवा. २००५ ला आपल्याकडे शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाचा कायदा झाला, संस्थेला पाणी मोजून द्यायचं असं त्यात आहे. हिवरे बाजारला दर वर्षी ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात, शेतीसाठी बोअर बंद. गडचिरोलीत मेंढा (लेखा) ने जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला आणि २०११ ला बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात आलं. मग याच गावांत का, शेजारच्या गावात का नाही? कागदावर संस्था हजारोंनी आहेत, बोर्ड लावलेले, शिक्के बनवलेले, पण पाणी मोजून किती ठिकाणी मिळतं? हे शोधायला दोन-चार पीएचड्या सहज होतील, आणि आपल्याकडे पीएचडीचे विषय काय येतात तर "अमुक नेत्याचे राजकीय विचार व कार्य : एक अभ्यास". कशाला बोलायला लावता.

इथवर वाचून तुम्ही म्हणाल बाई ऑस्ट्रॉमच्या भक्त झाल्या. नाही. माझं त्यांच्याशी एक भांडण आहे आणि ते महाराष्ट्रातच उभं राहू शकतं, म्हणून तर म्हणतेय आपण हे शिकवलं पाहिजे.

त्यांच्या आठ गोष्टींतली पहिलीच, हद्द ठरलेली पाहिजे, कोण आत कोण बाहेर. स्वित्झर्लंडमध्ये ठीक आहे. आपल्याकडे आत कोण आणि बाहेर कोण हे कशावरून ठरत होतं हे सांगायची गरज आहे का? १९२३ ला सी. के. बोल्यांचा ठराव मुंबईच्या कौन्सिलात, म्हणजे तेव्हाच्या विधिमंडळात, पास झाला, सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले. १९२४ ला महाड नगरपालिकेने पण चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर हद्द मिटली. आणि तरी २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना हजारो माणसं घेऊन तिथे जाऊन ओंजळभर पाणी प्यावं लागलं, परत जाणाऱ्या माणसांना मार खावा लागला, मग तळ्याचं "शुद्धीकरण" झालं, नगरपालिकेने त्याच वर्षी ठराव मागे घेतला, कोर्टात केस गेली आणि हायकोर्टाचा निकाल यायला १९३७ उजाडलं. दहा वर्षं, एका तळ्यासाठी! आता हे आपण शिकवतो कुठे, तर "आंबेडकरांचे विचार" या पेपरात, जयंतीच्या भाषणासारखं. हेच सामायिक पाण्याच्या व्यवस्थेचं प्रकरण म्हणून ट्योर्बेलच्या शेजारी ठेवून शिकवलं तर? मग पोरगं विचारेल की ज्या व्यवस्था शेकडो वर्षं टिकल्या त्या कोणाला बाहेर ठेवून टिकल्या. आमचा फड पण त्यातून सुटत नाही. पंचांत एक बाई नव्हती, भूमिहीन नव्हता, आणि आमच्या गावातला जागल्या भिल्ल वस्तीतला होता, रात्रभर दुसऱ्यांचं पीक राखायचा आणि त्याचं स्वतःचं रान एकाही फडात नव्हतं. आजोबांना मी हे कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

आणि याला उत्तर पण इथेच शोधलं गेलंय. पुरंदरला नायगावात विलासराव साळुंखेंनी बहात्तरच्या दुष्काळानंतर पाणी पंचायत उभी केली, तिच्यात पाणी जमिनीवर न देता माणशी दिलं, माणशी अर्ध्या एकराचं, भूमिहीनाला पण वाटा, आणि ऊस बंद. म्हणजे हद्द कशी काढायची याचाच दुसरा प्रयोग. हे जागतिक दर्जाचं राज्यशास्त्र पुण्यापासून तासाभराच्या अंतरावर घडलं आणि आमच्या पोरांना ते माहीत नाही, त्यांना माहितीये की प्लेटोचा जन्म कधी झाला.

तर मागणं काय आहे ते सांगते, फार नाहीये.

सिलॅबस सगळा बदला असं मी म्हणत नाही, संविधान शिकवायचंच आहे, उलट जास्त नीट शिकवायचंय. पण सामायिक पाणी-जंगल-कुरणाचा एक भाग टाका, नावाला टाकू नका, त्यात ऑस्ट्रॉम असू दे, फड असू दे, महाड असू दे, मेंढा असू दे. भारतीय ज्ञानप्रणाली म्हणून जो नवा पेपर आलाय त्यात कौटिल्याच्या सप्तांगाशेजारी (राज्याची सात अंगं) फडाला जागा द्या की, तो पण आपलाच आहे, आणि त्याचे अवशेष अजून हात लावून बघता येतात. फील्ड प्रोजेक्टला "विषय राज्यशास्त्राचा वाटत नाही" असा शेरा मारण्याआधी एक फोन तरी करा. आणि मार्क द्यायचे तर वहीला द्या, पोराने ग्रामसभेत बसून काय पाहिलं, कोण बोललं, कोण आलंच नाही, बायका कुठे बसल्या, ठराव आधीच लिहिलेला होता का. टाइप केलेल्या स्पायरल बाइंडिंगला नको, ते कुठून येतं ते तुम्हालाही माहितीये आणि मलाही, झेरॉक्सवाल्याला तर सगळ्यात जास्त.

ऑस्ट्रॉमबाई अजून एक गोष्ट सारखी सांगायच्या, की रामबाण उपाय नावाची चीज नसते. एका गावात चाललेला नियम दुसऱ्या गावावर छापून टाकला की मरतो. म्हणून माझी ही मागणी पण सगळ्या विद्यापीठांना एकच पाठ छापून द्या अशी नाहीये. कोकणातल्या कॉलेजने रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायच्या मोठ्या जाळ्याच्या मासेमारीचं बघावं, कोण कधी जाळं टाकणार हे कसं ठरतं ते. विदर्भातल्याने मालगुजारी तलाव, म्हणजे मालगुजारांच्या काळातले जुने गावतलाव घ्यावेत. मुंबईतल्या कॉलेजला तर चाळीतला सामायिक नळ आणि सोसायटीचं पार्किंग आहेच, त्याच्याएवढं सत्तासंघर्षाचं मटेरियल दुसरं नाही.

परवानगी मिळाली नाही तरी मी गेल्या खेपेला सात पोरं घेऊन पाटावर गेले होते, रविवारी, माझ्या खर्चाने, वडापाव पोरांनी आणले. एका पोराने एका म्हाताऱ्या बाबांना विचारलं की बाबा, पाणी चोरणाऱ्याला काय शिक्षा होती. बाबा म्हणाले, काही नाही, पाटकरी येऊन बांधावर उभा राहायचा. पोराने माझ्याकडे बघितलं. मी काही बोलले नाही, वहीत लिही म्हटलं.

रब्बीचं आवर्तन सुटलं की परत जाणार आहोत. तुमच्यापैकी कोणाला यायचं असेल तर खरंच या, टीएडीए माझ्याकडे नाही, जेवण घरी करू, कळण्याची भाकरी आणि ठेचा. बूट घालून येऊ नका, हेडपासून टेलपर्यंत चालत जायचंय आणि मधे दोन ठिकाणी पाट फुटलाय.

आपली,
तासिका तत्त्वावरची राज्यशास्त्राची एक बाई